मॉरीनबाईंच्या घरातले डाळिंबी टॉवेल

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी टॉवेल पास करायचे. सोलापुरात, अक्कलकोट रोडवरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी हेच केलं. ऐकणाऱ्याला वाटतं, टॉवेलात एवढं काय बघायचं? अंग पुसलं की झालं. पण टॉवेलाचं मधलं कापड घट्ट असावं लागतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना सुताचे बारीक लूप उभे असतात. लूप सैल पडला तर बाईच्या बांगडीत अडकून ओढला जातो, फार पिळलेला असला तर पाणी पीत नाही. कड वाकडी शिवली गेली तर चार धुण्यांत टॉवेल एका कोपऱ्यावर उभा राहिल्यासारखा दिसतो. हे सगळं हाताला आणि डोळ्यांना कळावं लागतं. तपासून झालं की प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी टाकायची. तिच्यावर ‘पास’ असा शिक्का आणि खाली तपासणाऱ्याचा नंबर. माझा नंबर चार होता.

आमचा माल परदेशी जायचा आणि वर्षातून एकदा त्याच्यामागून मीही जायचे. ही आमच्या मालकांची कल्पना. त्यांचं म्हणणं, नवा टॉवेल कोणालाही चांगलाच दिसतो. पन्नास धुण्यांनंतर तो कसा दिसतो ते बघून या. आणि ते बघायचं असेल तर मोठ्या हॉटेलात उतरून उपयोग नाही. तिथले टॉवेल कुठल्याशा गाडीत भरून धुवायला जातात आणि कोणाला त्यांचं काही आठवत नाही. म्हणून मला ठेवायचे पाच-सहा खोल्यांच्या घरगुती पाहुणघरांत. घरमालक खाली राहतात, वरच्या खोल्या पाहुण्यांना देतात आणि सकाळची न्याहरी स्वतःच्या हातानं करून वाढतात. अशा घरात जी बाई तव्यावर टोमॅटो परतत असते, तीच दहा वाजता टॉवेल धुवत असते. तिला एक प्रश्न विचारला की दहा उत्तरं मिळतात.

पहिल्या खेपेला जर्मनीत मी अशाच एका घरी होते. रविवारी सकाळी अंघोळ झाली, साडी धुतली आणि नेहमीच्या सवयीनं सज्जाच्या कठड्यावरून खाली सोडली. सहा वार साडी खालच्या मजल्याच्या खिडकीवर पडद्यासारखी. पाच मिनिटांत घरमालकीणबाई धापा टाकत वर. त्यांना इंग्रजी जेमतेम, मला जर्मन शून्य. एवढंच कळलं की रविवारी लोकांच्या नजरेला पडेल असं धुणं वाळत घालत नाहीत. मी ओशाळून साडी ओढायला लागले, तर बाईंनी दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती घडी घातली, बाईंनी ती स्वतःच्या न्हाणीघरात वाळत टाकली आणि जाताना काठावरून बोट फिरवून विचारलं, “हँड? मशीन?” मी म्हटलं, “हँड.” मग आम्ही अर्धा तास हातवारे करत मागाविषयी बोललो. बाईंची आजी विणकरीण होती. परक्या देशात मी एकटी आहे हे त्या अर्ध्या तासात मी विसरून गेले.

अशी बरीच घरं, बऱ्याच बायका आणि काही पुरुषही आठवतात. पण मला सांगायचंय ते इंग्लंडमधल्या मॉरीनबाईंचं.

त्या वर्षी आमच्याकडं एक मोठी ऑर्डर होती, गडद डाळिंबी रंगाच्या टॉवेलांची. माल गेला आणि तीन-चार महिन्यांनी तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडून तक्रार आली, की उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या एका पाहुणघरात हे टॉवेल रंग सोडतायत. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“महानंदाबाई, ती कोण म्हातारी आहे ती पांढऱ्या चादरी आणि लाल टॉवेल एकत्र धूत असणार. दुसरं काय? तुम्ही तिच्याकडंच उतरा. कशी धुते ते बघा आणि तसं लिहून आणा.”

“आणि तिची चूक नसली तर?” मी विचारलं.

“अवो, आपला माल तुम्हीच पास केलाय की,” मालक हसून म्हणाले.

मी पण हसले. मला खात्री होती.

मॉरीनबाईंचं घर अरुंद आणि उंच. दार उघडल्याबरोबर जिना, जिन्यावर गालिचा. बाई अडुसष्ट-सत्तरीच्या, काटक, पांढरे केस कानामागं सारलेले. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “तू ती टॉवेलवाली.” चहा विचारला नाही. बॅग मात्र माझ्या आधी उचलून तीन जिने चढल्या. खोलीत पलंग, खिडकीत करडा समुद्र, आणि पलंगावर नीट घडी घालून ठेवलेले दोन टॉवेल. डाळिंबी. आमचे.

आम्ही लिंगायत. सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून मी त्या टॉवेलानं केस पुसले आणि अंगावरच्या पांढऱ्या ब्लाउजच्या खांद्यावर बघितलं तर गुलाबी छटा. मी पिशवीतला पांढरा रुमाल काढला, ओला केला, टॉवेलावर दहा वेळा घासला. आमची कारखान्यातली चाचणी हीच. रुमाल गुलाबी झाला.

पूजेत माझं लक्ष लागलं नाही. मनात म्हटलं, पाण्यात काही असेल, साबणात काही असेल.

खाली न्याहरीला गेले तर बाईंनी माझ्यापुढं टोस्ट, मशरूम, टोमॅटो ठेवला. “अंडी नाहीत, मांस नाही. व्यापाऱ्यानं कळवलं होतं. तवा वेगळा घेतलाय,” एवढं कोरडेपणानं सांगून आत गेल्या. ज्या बाईची चूक शोधायला मी आले होते, तिनं माझ्यासाठी वेगळा तवा घेतला होता. मी जाऊन विचारलं, “आज धुण्याला मी तुमच्याबरोबर येऊ का?”

“दहा वाजता,” त्या म्हणाल्या. “पाहुणे गेले की.”

मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीत दोन मशीनं होती. सलग तीन दिवस मी तिथं उभी राहिले. बाई पांढरं वेगळं धुवायच्या, रंगीत वेगळं. साबण मापानं. ब्लिच टॉवेलाच्या जवळपासही नाही. मशीनच्या काचेतून आत बघत उभ्या राहायच्या, दूध उतू जाईल म्हणून आपण उभे राहतो तशा. मी शिकवायला आले असते तरी मला शिकवण्यासारखं काही नव्हतं. आणि प्रत्येक खेपेला मशीनमधून निघणारं पाणी गुलाबी.

तिसऱ्या दिवशी दोघी मिळून चादरीची घडी घालताना बाईंनी आपण होऊन सांगितलं. जुलै महिन्यात एका लग्नाचं वऱ्हाड त्यांच्याकडं उतरलं होतं, सगळ्या खोल्या भरलेल्या. नवरीच्या बहिणीचा मोतिया रंगाचा झगा न्हाणीघराच्या दाराला टांगलेला, त्याच्याशेजारी कोणीतरी ओला टॉवेल अडकवला. झग्यावर हातभर डाग पडला, लग्नाच्या सकाळीच. त्या लोकांनी इंटरनेटवर लिहिलं, की इथल्या म्हाताऱ्या बाईला आता घर झेपत नाही. पुढची दोन बुकिंगं रद्द झाली.

“ते मी सोसलं,” बाई म्हणाल्या. “पण जेन, माझी मुलगी, ती म्हणते, आई, तू विसरतेस. काय कशात घातलंस ते तुला आठवत नाही. घर विक आणि माझ्याजवळ येऊन राहा.” घडीचा कोपरा सरळ करत त्या पुढं म्हणाल्या, “आणि मलाही वाटायला लागलंय की मी विसरत असेन. म्हणून मशीनसमोर उभी राहते. मी काय घातलं ते लक्षात राहावं म्हणून.”

मी चादरीचं टोक खाली ठेवलं.

मी विचारलं, “या मालातलं न फोडलेलं खोकं आहे?” जिन्याखाली एक होतं. त्यातला नवाकोरा टॉवेल मी बादलीत बुडवला. पाणी डाळिंबाच्या रसासारखं झालं. कोणाच्याही मशीनमध्ये, कोणाच्याही साबणात न गेलेला टॉवेल. खोक्याच्या तळाशी चिठ्ठी होती. बाईंनीच ती उचलली, चष्मा लावून वाचली.

“हा चार नंबर कोण?”

“मी,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं मला वाटलं आणि रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसल्या आणि बादलीकडं बघत म्हणाल्या, “म्हणजे मी विसरले नव्हते.” पुन्हा एकदा म्हणाल्या, “मी विसरले नव्हते.” मग ॲप्रन तोंडाला लावून रडल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. 

सोलापुरात तेव्हा दुपार होती. मी मुश्ताकभाईंना फोन लावला. मुश्ताकभाई आमचे डाईंग मास्तर, म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. वीस वर्षं बरोबर काम केलेलं. मी म्हटलं, “भाई, डाळिंबी माल रंग सोडतोय. कोरा टॉवेल. काय झालं होतं?”

 ते म्हणाले, “ताई, पानीच नै था ना. उन्हाळा, आठ-आठ दिवस पाणी न्हाई. टँकर अर्धाच यायचा. शेवटच्या मालाचं एक धुणं कमी केलं. मैं बोला था ऑफिसमें. ते म्हणाले, कंटेनर थांबणार न्हाई, जाऊ द्या.”

हे बाहेरच्यांना समजावून सांगते. रंग कापसात जेवढा मुरतो तेवढाच मुरतो. उरलेला नुसता वर बसून राहतो. तो काढायला रंगवलेला माल गरम पाण्यात साबण घालून चार-पाच वेळा धुवावा लागतो. त्यातलं एक धुणं गाळलं की टॉवेल दिसायला उत्तम आणि पहिल्या ओल्या हाताला लबाड. तो लबाडपणा पकडायलाच मला ठेवलं होतं. मी पकडला का नाही? कारण त्या आठवड्यात माल भराभर निघत होता आणि मी चाचणीचे नमुने पहिल्या लॉटमधून घेतले, पुरेशा धुतलेल्या. शेवटच्या खोक्यांत मी नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या. तीस वर्षांत हे एकदाच केलं. पण ते एकदाच कोणाच्या घरी जाऊन पडलं, ते मी डोळ्यांनी बघत होते.

मालकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, तुम्ही तिकडं कशाला गेलाय ते विसरलात काय? एवढंच लिहा की धुण्याची पद्धत सदोष. पुढचं मी बघतो.”

“मालक, तसं लिहिलं तर व्यापारी तेच त्या बाईंना कळवेल आणि त्यावरून त्यांची मुलगी त्यांना घर विकायला लावेल.”

“त्याचं आपल्याला काय?”

“चिठ्ठी माझ्या नंबराची आहे,” मी म्हटलं. “मला तसं लिहिता येणार नाही.”

“मग या परत. बघू,” म्हणाले आणि फोन ठेवला.

अहवाल मी न्याहरीच्या टेबलावर बसून हातानं लिहिला. माझं इंग्रजी कामापुरतं. धुण्याची पद्धत योग्य आहे. माल रंगवताना एक धुणं कमी पडलं. तपासणीत नमुना चुकीचा घेतला गेला, तो मी घेतला. खाली सही. बाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं आणि मग, काही मागायची सवय नसलेल्या माणसासारखं विचारलं, “याची एक प्रत मला देशील? जेनला दाखवायला.”

कारखान्याचा कागद तक्रार करणाऱ्याच्या हातात द्यायचा नसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून पुन्हा लिहून काढला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. त्या दुपारी चहा आला, बरोबर त्यांनी भाजलेला केक. अंडं न घालता केला होता, म्हणून पार बसला होता. दोघींनी तो चमच्यानं खाल्ला. मीही माझ्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली. भाकरी त्यांनी बिस्किटासारखी चहात बुडवली. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं तरी डबा परत दिला नाही.

परत आल्यावर मालक माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. मग माल बदलून दिला. मला नॅपकिनच्या खात्यात टाकलं आणि दोन वर्षं परदेशी पाठवलं नाही. हे मी धरून चालले होते. जे धरलं नव्हतं ते मुश्ताकभाईंचं झालं. माझ्या अहवालात ‘एक धुणं कमी पडलं’ एवढंच होतं. ते कोणी कमी करायला लावलं, हे नव्हतं. ऑफिसनं हात झटकले आणि सगळं रंगखात्यावर आलं. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला सगळ्यांसमोर बोल लावले गेले. महिन्याभरात ते नोकरी सोडून कुंभारी गावाजवळच्या, कापड रंगवायच्या एका लहान कारखान्यात गेले.

मी त्यांच्या घरी गेले. भाभींनी चहा केला. मुश्ताकभाई वरवर नेहमीसारखेच बोलले. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, “ताई, तुमी खरं लिवलं. लई जणांनी तेपन लिवलं नसतं. पन अर्धंच लिवलं.”

  अहवाल लिहिताना मला फक्त माझी चूक कबूल करायची घाई होती. आपली चूक कबूल करताना माणूस इतका स्वतःकडं बघत असतो, की शेजारी उभा असलेला त्याला दिसत नाही. हिंमत करून मालकांना मी नंतर तोंडी सांगितलं, की मुश्ताकभाईंनी ऑफिसला आधी कळवलं होतं. मालक म्हणाले, “मला माहीत आहे.” एवढंच. पण पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यात पाण्याची मोठी टाकी बांधली गेली, आणि शेवटच्या खोक्यातला नमुना ओला करून बघितल्याशिवाय कंटेनरचं दार लावायचं नाही असा नियम झाला. नियमाच्या कागदावर माझं नाव नव्हतं, भाईंचंही नव्हतं.

मॉरीनबाईंचं पत्र दर नाताळाला यायचं. जेननं तो कागद वाचला, आईची माफी मागितली आणि त्या लग्नवाल्यांना स्वतः लिहून कळवलं. बाईंनी घर आणखी पाच वर्षं चालवलं. मग विकलं. पत्रात लिहिलं होतं, “मला झेपत होतं. पण आता दुसऱ्याच्या हातची न्याहरी खावीशी वाटते.”

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या जानेवारीत मायलेकी विजापूर बघायला म्हणून आल्या आणि दोन दिवस सोलापुरात माझ्याकडं उतरल्या. आयुष्यभर मी लोकांच्या घरी पाहुणी. आता यजमानीण व्हायची वेळ आली तर मला धडकीच भरली. नळाला पाणी येण्याचा दिवस कोणता, याचा हिशेब करून मी पिंप भरून ठेवलं. बाईंना वरची खोली दिली. पहिल्या सकाळी चहा घेऊन गेले तर त्यांनी पलंग आवरून, चादरीची घडी घालून ठेवलेली. मी रागावले. “मॉरीनबाई, तुम्ही पाहुण्या आहात!”

“अगं, मला येतच नाही पाहुणं व्हायला,” त्या म्हणाल्या.

दुपारी मी मुश्ताकभाईंना आणि भाभींना जेवायला बोलावलं होतं. भाई आता थकलेत, कानानं कमी ऐकतात. पांढराशुभ्र सदरा घालून आले, बाईंसमोर अवघडून बसले. जेवणं झाली. मी मॉरीनबाईंना म्हटलं, “मी तुम्हाला जो कागद दिला होता, तो पुरा नव्हता. एक धुणं कमी करू नका, माल खराब होईल, असं सांगणारा एक माणूस कारखान्यात होता. त्याचं कोणी ऐकलं नाही, आणि त्याचं नाव मी लिहिलं नाही. ते हे.”

जेननं मान वळवून भाईंकडं बघितलं. मॉरीनबाई उठल्या, भाईंच्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. रंगाच्या कामानं भाईंची नखं कायमची काळपट झालेली. बाई त्या नखांकडं बघत राहिल्या.

“काय म्हणतायत?” भाईंनी मला मोठ्यानं विचारलं.

“काही नाही म्हणत,” मी सांगितलं.

“मग त्यांना विचारा, तिकडं पाणी पुरतं का?”

मी विचारलं. बाई म्हणाल्या, “आमच्याकडं पाऊस थांबतच नाही.”

भाईंना मी ते मोठ्यानं सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, “मग आमी तितंच न्हेऊन धुवायला पायजे होतं की!”

सगळ्यात आधी भाभी हसल्या, मग मी, आणि मी इंग्रजीत सांगितल्यावर मायलेकी. भाई उशिरा हसले, पण पुष्कळ वेळ हसले. मॉरीनबाईंनी त्यांचा हात अजून सोडला नव्हता.